अळणी घास

आत्या, तुला जाऊन नऊ दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. रडून झालं, आल्यागेल्यांना चहा देऊन झाला, कपाट आवरून झालं. राग तेवढा तसाच आहे. कुणाकुणावर आहे ते आठवायला बसले तर पहिलं नाव तुझंच येतं, म्हणून तुलाच सांगायला बसले आहे.

तुझं गांडुळांचं क्रेट समोर आहे. मोरीला लागून, तू ठेवायचीस त्याच जागी. खाली परात, वर ओलं गोणपाट. गोणपाटाखाली एका कोपऱ्यात मी परवा पपईची साल उपडी ठेवली. तूच सांगायचीस, "गांडुळं जित्ती हायेत का मेली, हे बघाया उकरू न्हाई. गोड साल ठिवायची आन् तीन दिस हात आवरायचा." जिवंत असतील तर सालीखाली गोळा होतात. उद्या सकाळी तीन दिवस पुरे होतील. तोवर मला कळायचं नाही, की तुझ्या हातचं या घरात काही जिवंत उरलंय, की तेही आम्ही मारलं.

हो, आम्हीच. सांगते सगळं. पण आधी पाचव्या दिवसाचं सांगते, कारण राग तिथून सुरू झाला.

पाचव्या दिवशी तुझा जलदानविधी झाला. गल्लीच्या तोंडाशी मांडव, भाड्याच्या खुर्च्या, एक माइक. वंदना झाली आणि नानांनी माइक हातात घेतला. तुझा हा चुलतभाऊ मास्तरकीतून रिटायर झाला, पण माइक दिसला की पुन्हा नोकरीवर रुजू होतो. एकामागून एक सात जण बोलले. सातही जणांनी एकाच बाईबद्दल सांगितलं, आणि ती बाई मला माहीत नाही. कष्टाळू होती. मायाळू होती. आयुष्यात कधी कुणाला उलटून बोलली नाही.

आत्या, तू? उलटून बोलली नाहीस? याच नानांना तू भर लग्नाच्या मांडवात म्हणाली होतीस, "नाना, तुमच्या वर्गातली पोरं पास झाली ती तुमी रजेवर गेल्ते म्हनून." सगळी पंगत हसली होती. नानाही हसले होते. आणि आता तेच नाना डोळे पुसत सांगत होते की गयाबाई म्हणजे गरीब गाय. मला उठून माइक हिसकावून घ्यावासा वाटला.

हिसकावायची गरज पडली नाही. नानांनीच पुकारलं, "आता आपल्या घराण्यातली पहिली पदवीधर, कुमारी सुजाता, दोन शब्द बोलेल."

मी उठले. समोर आई बसलेली, जाफराबादकडून आलेले सगळे आपले लोक बसलेले. आणि मी म्हणाले, "आत्या म्हणजे त्यागाची मूर्ती होती." पुढचंही तसंच, शाळेच्या निबंधातलं. लोकांनी माना हलवल्या. मी जागेवर येऊन बसले आणि माझीच मला चीड आली. बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी पोरगी, आणि जिनं तिला आठवीपासून शिकायला स्वतःजवळ ठेवून सांभाळलं तिच्याबद्दल एक खरं वाक्य बोलता आलं नाही. गांडुळांचा तर उच्चारही कुणी केला नाही. मीही नाही. जसं काही ते तुझं एखादं व्यसन होतं.

तर ते खरं आता सांगते.

तुझ्या खानावळीतल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं, घनसावंगीच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी तू परत आलीस आणि स्टीलचा डबा ओट्यावर ठेवलास. मी कॉलेजातून भुकेली आलेले. म्हटलं, लग्नाची बुंदी असेल. झाकण काढलं आणि किंचाळले.

"वरडू नको, दचकत्यात," तू म्हणालीस.

त्या लोकांच्या उसात, शेडखाली, गांडुळखताचा वाफा होता. तो तू तासभर बघत उभी राहिलीस, डब्यातली भाजी बैलापुढं टाकलीस आणि दोन ओंजळी गांडुळं मागून आणलीस. एस.टी.त शेजारच्या बाईनं विचारलं, मावशी, जेवायची वेळ झाली, डबा का उघडत नाही? तर तू तिला म्हणालीस, "यात भाजी न्हाई बाई. पाव्हणे हायेत. जालन्याला उतरतील." हे मला सांगताना तू एवढी हसलीस की पदर तोंडात कोंबावा लागला.

मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत तू आयुष्यभर भाकरी थापल्यास. तिथं रोज पोतं पोतं देठं आणि साली उकिरड्यावर जायच्या, ते तुला बघवत नसे. काम सुटल्यावर तू आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते बंद केलंस. आडतीतून जुनं गोणपाट, भाजीवाल्याकडून टमाट्याची दोन क्रेटं, एकावर एक. वरच्यात खाणं, खालच्यात तयार खत. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणार, म्हणून गोणपाट ओलं करायला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी. आपण भांडायचो त्यावरून. मी केस धुतले तर तू बादली मोजायचीस, आणि गांडुळांना मात्र तांब्याभर जास्त. घंटागाडीवाला जिन्याखालून ओरडायचा, "मावशी, तुमच्या घरी सैपाक व्हतो का न्हाई? कधीच कचरा न्हाई!" तू वरून सांगायचीस, "व्हतो की. आमी खाऊन टाकतो सगळं!"

आणि तुझा नियम एकच. ओट्यावर दोन पातेली. एकात मिठाच्या आधीचं, दुसऱ्यात मिठाच्या नंतरचं. देठं, साली, वांग्याची टोकं, चहाचा धुतलेला चोथा, चुरलेली अंड्याची टरफलं हे आधीचं, ते क्रेटमध्ये. एकदा भाजीला मीठ पडलं की ती नंतरची. तिचा कणही तिकडं जायचा नाही. पन्नास पोरींच्या कालवणात न मोजता बराबर मीठ टाकणारा तुझा हात, पण गांडुळांपाशी जाताना तू तो आधी धुवायचीस.

"मीठ म्हंजे त्येंना आग हाय सुजे. अंगावर पडलं की जळत्यात."

मी म्हणायचे, "आत्या, त्यांना डोळे नसतात, दात नसतात, ती तुला ओळखतबिळखत नाहीत."

"मंग काय झालं? तुह्या कालेजातले सायेब लोक तरी कुठं वळखतात? हे निदान काम तरी करत्यात."

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण एक दिवस घरमालकीण जिना चढून आली. वास येतो म्हणाली. तू गोणपाट उचललंस आणि म्हणालीस, हुंगा. वास येतच नव्हता. पावसाळ्यात शेताच्या बांधाला येतो तेवढाच मातीचा. ती हुंगायला वाकली नाही. पदर नाकाला लावून म्हणाली, "तुमच्या लोकांना घाणीत राहायची सवय असते, आम्हाला नाही."

मी तिथंच उभी होते. सेकंड इयरची पोरगी, भांडायला आवाज होता, शब्द होते. एक शब्द बोलले नाही. ती खाली उतरल्यावर सगळा राग तुझ्यावर काढला. आत्ता हे लिहितानाही कान तापतात. मी म्हणाले, "फेकून दे ते. आपल्या आज्या-पणज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. त्यातून सुटावं म्हणून मला शिकवतेस ना? मग घरात कुजकं कशाला पाळतेस? या बाईला तोंड उघडायला जागा कशाला देतेस?"

तू क्रेटवर गोणपाट नीट पसरलंस. मग म्हणालीस, "आज्यानं दुसऱ्याचं मेलेलं वढलं, कारन दुसरा म्हनला वढ. मी माह्या घरचं देठ माह्या घरात जिरवते, कुनाच्या दारात टाकत न्हाई. घान करते ती फेकनारी, जिरवनारी न्हाई. हा फरक कळत न्हाई तर कशाची गं तुही डिग्री?"

मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी.

आणि मग पुढच्या वर्षी मी काय केलं ते तुला माहीतच आहे, पण कबूल कधी केलं नाही. फायनलला प्रोजेक्ट होतं. सर म्हणाले, घरगुती गांडूळखत हा चांगला विषय आहे. घरात जी घाण होती ती कॉलेजात गेल्यावर प्रकल्प झाली. चार महिने मी तुझ्या मागेमागे वही घेऊन फिरले. किती ओल, किती देठं, उन्हाळ्यात कुठं ठेवायचं, सगळं तुझं. तुझ्या बोलीतलं मी पुस्तकी भाषेत लिहिलं. प्रदर्शनाच्या दिवशी तू क्रेट मांडीवर घेऊन रिक्षातून आलीस, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून. बाहेरचे परीक्षक आले. खूश झाले. विचारलं, "ही पद्धत कुठून शिकलीस?"

तू माझ्या मागे, चार पावलांवर उभी होतीस.

मी म्हणाले, "संदर्भग्रंथांतून, सर."

पहिला नंबर आला. परत येताना रिक्षात तू बाहेर बघत होतीस. कापडबाजाराच्या वळणावर सहज विचारल्यासारखं विचारलंस, "सुजे, तुह्या पुस्तकात मी कोन्त्या पानावर हाय?" आणि लगेच हसलीस, रिक्षावाल्याला म्हणालीस, "हळू घे रे बाबा, आत मंडळी हायेत." पुन्हा तो विषय कधी काढला नाहीस. काढायला हवा होतास. मला थोबाडायला हवं होतंस. सगळ्यांना फाडकन बोलणारी तू, नेमकी माझ्यापाशी गप्प बसलीस, हे मला सहन होत नाही. काल ती फाईल काढली. ऋणनिर्देशात प्राचार्य आहेत, सर आहेत, ग्रंथपाल आहेत, झेरॉक्सवाला आहे. तू नाहीस. पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. आता लिहिणं म्हणजे आणखी एक लबाडी.

त्या प्रोजेक्टनंतर मी क्रेटला हात लावला नाही. नंबर मिळाला, काम संपलं. आणि तू ते बरोबर हेरलंस.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुझं बी.पी. मोजलं आणि सांगितलं, गोळी रोज, मीठ एकदम कमी. लोणचं, पापड, ठेचा बंद. मी घरातलं सगळं लोणचं शेजारी देऊन टाकलं. तू तोंड वेंगाडलंस. म्हणालीस, "अळनी खाऊन जगन्यापरीस..." मी वाक्य पुरं करू दिलं नाही. रोज माझ्यासमोर अळणी वरण गिळायचीस, गोळी तोंडात टाकून पाणी प्यायचीस. मी शाळेत पोरांना शिस्तीचं उदाहरण म्हणून तुझं सांगायचे. सांगायचे, आत्या, तुझं नाव घेऊन!

मग त्या सकाळी तू मोरीत पडलीस. देठांचं पातेलं हातात होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी त्यांच्याशी हुज्जत घातली की असं होऊच शकत नाही, माझी आत्या बिलकुल मीठ खात नाही.

आता आमचं सांगते.

आपल्या घरात कावळ्याला घास ठेवत नाहीत. तुझी आई गेली तेव्हा कुणीतरी चोरून पत्र्यावर भाताचा मुटका ठेवला होता. तो तू काठीनं खाली पाडलास. बावीस प्रतिज्ञा तुला तोंडपाठ आणि तू त्या नुसत्या म्हणणारी नव्हतीस. "मेलेलं मानूस जेवत न्हाई. जितं हाय तवा इचारा, भूक लागली का म्हनून." हे तुझं बोलणं गावातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. म्हणून तुझ्या मागे कुणी पत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण बायकांना घास कुठंतरी ठेवायचाच होता. घरात चूल पेटत नव्हती, शेजारून भाकरी-पिठलं येत होतं, ठेचा, लोणचं. दुसऱ्या दिवशी आईनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा लावला, लोणच्याची फोड ठेवली, तुला आवडायचं तसं, आणि गोणपाट उचलून क्रेटमध्ये घातला. तिचं बघून शेजारणीनं. मग गावाकडून आलेल्या बायकांनी. येईल ती बाई दोन घास आत सोडून डोळे पुसत होती. कावळा सोडला आणि गांडूळ धरलं! आणि मी? मी बाहेरच्या खोलीत नानांना जलदानविधीच्या पत्रिकेचा मजकूर तपासून देत होते, ऱ्हस्व-दीर्घ.

पाचव्या दिवशी मांडवातून घरी आले आणि मोरीची भिंत हलतेय असं वाटलं. गांडुळं भिंतीवर चढत होती. पांढुरकी पडलेली. फरशीवर, बादलीवर, नळाच्या तोटीवर. काही सुकून दोऱ्यासारखी झालेली.

मी ओरडले, "कुणी मीठ टाकलं यात?"

आई मागून आली. "तिचा घास ठिवला गं. कामून वरडून राह्यली?"

"आत्यानं हेच आयुष्यभर नाही म्हटलं ना? घास नाही ठेवायचा!"

"कावळ्याला कुठं ठिवला? तिच्या गांडुळाला ठिवला. त्यात काय धरम बुडाला?"

"मिठानं मरतात ती, आई!"

"मला काय म्हाईत?" आईचा आवाज चढला. "मला कवा सांगितलं तुमी दोघींनी? तुमी हुशार. मी आले की च्या पिऊन जायचं. कवा म्हनले का, बस, हे बघ, हे असं असतंय?"

दोघी खाली बसलो. मला वाटलं होतं आई पदर नाकाला लावेल. तिनं बांगड्या वर सारल्या आणि एकेक गांडूळ भिंतीवरून उचलायला लागली, कापसाच्या पऱ्हाटीवरचा किडा वेचावा तितक्या सवयीनं, पण हळू. वरचं सगळं खारट झालेलं मी काढून टाकलं. खालच्या क्रेटमधलं तुझं तयार खत चांगलं होतं. त्यात ओला कागद फाडून घातला, डाळीचं पाणी शिंपडलं आणि वेचलेली त्यात सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेटामागची जागा पुसायला म्हणून मी गोणपाटांची चवड बाजूला केली.

तिथं बरणी होती. लोणच्याची. अर्धी संपलेली. तिच्याखाली कागदात गुंडाळलेल्या गोळ्या. रोज माझ्यासमोर तोंडात टाकलेल्या आणि मागून काढून ठेवलेल्या, कितीतरी.

आत्या, अख्ख्या घरात मी जिथं हात घालणार नाही अशी एकच जागा होती, आणि ती तुला माहीत होती.

आईनं बरणी ओळखली. ओळखणारच. "ही मी दिल्ती," ती म्हणाली. "ती मागायची. म्हनायची, सुजीला सांगू नको. दर बारीला एक आनायचे."

मग मी ते बोलले. आईला म्हणाले, "म्हणजे तिलाही मीठ घालून तूच मारलंस."

आईनं भिंतीवर राहिलेलं एक गांडूळ उचलून क्रेटमध्ये सोडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पंधरा वर्सं तिनं माह्या लेकराला खाऊ घातलं. म्या तिला काय देनार व्हते? माह्यापाशी काय व्हतं? लोनचं तेवढं चांगलं जमतंय मला. ती बरनी घेताना हासायची गं. तेवढंच एक घ्यायची माह्या हातचं. आन् जिती व्हती तवा दिलं ते खोटं, मेल्यावर दिलं तेबी खोटं, मंग कुठं ठिऊ मी तिचा घास? सांग ना. शिकलेली हायेस, सांग."



दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. जाताना तिनं तुझा तो स्टीलचा डबा पुढं केला. "दोन-चार दे मला." मी कागद भिजवून घातला, भिंतीवरून वेचलेल्यांपैकी जी वळवळत होती ती घातली, डबा तिच्या पिशवीत ठेवला. मीठ नको, एवढंच म्हणाले. माफी मागितली नाही. काल दुपारी ती जाफराबादच्या गाडीत बसली.

तर हा असा माझा राग. नानांवर आहे, कारण त्यांनी तुझी गरीब गाय केली. घरमालकिणीवर आहे आणि राहील. तिच्या पोरीनं परवा कुंड्यांसाठी खत मागितलं तेव्हा तर नव्यानं आला. आईवर होता. माझ्यावर आहे, ऋणनिर्देशाच्या पानावर तुझं नाव घातलं नाही म्हणून. आणि सगळ्यांत जास्त तुझ्यावर. मीठ काय करतं हे या गल्लीत तुझ्याएवढं कुणाला कळत नव्हतं. गांडुळांसाठी हात धुवायचीस आणि मग त्याच हातानं बरणी उघडायचीस. ती बिनडोळ्यांची, बिनदातांची. पण अंगाला मीठ लागलं तशी जीव घेऊन भिंतीवर चढली. तू का नाही चढलीस, आत्या? त्यांना वाचवायला आम्ही दोघी होतो. तुलाही वेचून घेतलं असतं.

काल इथं थांबले होते. आज सकाळी साल उचलायच्या आधीच आईचा फोन आला.

"सुजे, जल्दीत सांगते, कापसात जायचंय. डब्यातली जित्ती हायेत. घमेल्यात सोडली, गोठ्याच्या सावलीला."

"बरं."

"आन् रातच्या भाकरीचा तुकडा काढून ठिवला त्येंना. अळनी. ठेचा लावला न्हाई, काय न्हाई. हात धुऊन ठिवला."

आत्या, तू असतीस तर इथं भांडली असतीस. घास तो घासच, अळणी असला म्हणून काय झालं, म्हणाली असतीस. मला भांडायचं नव्हतं. मी म्हणाले, "आई, मी त्या दिवशी बोलले ते..."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मागं बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. "पन तिला अळनी कवा गेलं न्हाई गं घशाखाली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी हात धुतले. गोणपाट बाजूला केलं. पपईची साल उचलली.

अकरा आहेत.